केळूसकर गुरुजी प्रत्येकाला भेटत नाहीत

शिरूर तालुक्यातील केंदूर हे कान्होराज महाराजांचे गाव म्हणून वारकऱ्यांना परिचित आहे. पावसाचा भरवसा नसलेला हा पट्टा. येथे शेतीवर सगळ्यांचे भागत नाही आणि अशा गावांतील बौद्ध, मातंग वस्त्यांमधल्या बहुतेक कुटुंबांकडे तर भागण्याइतकी शेती मुळातच नाही. मात्र याच गावाच्या एका अंगाला शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि पुढे रांजणगाव अशी कारखान्यांची रांग आहे, तर दुसऱ्या अंगाला चाकण आहे. देशी-विदेशी कंपन्यांचे मोठमोठे फलक या रस्त्यांवर दिसतात. म्हणजे आसपास कामच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही या भागातला आपला दहावी-बारावी झालेला मुलगा जेव्हा ‘आता पुढे काय?’ असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तर कोण देतो? मामा देतो, चुलता देतो, कंपनीत हेल्पर म्हणून लागलेला मित्र देतो आणि शेवटी लेबर कॉन्ट्रॅक्टर देतो. कॉन्ट्रॅक्टरचे उत्तर सर्वांत लवकर येते. उद्या सकाळी आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन गेटवर ये, एवढेच ते उत्तर असते. मुलीला तर हा प्रश्नच विचारू दिला जात नाही. तिच्या वतीने स्थळ पाहणारे उत्तर देतात.

हा प्रश्न ज्याच्या-त्याच्या घरातला खासगी प्रश्न आहे असे आपण धरून चाललो आहोत. आमचे म्हणणे असे आहे की हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे आणि आंबेडकरी चळवळीने तो आपल्या मागण्यांच्या यादीत कधीच घ्यायला हवा होता. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांसाठी आपण रस्त्यावर उतरलो आणि उतरत राहू. परंतु कोणत्या अभ्यासक्रमाला जावे, कोणता अर्ज कधी भरावा, हाती असलेले काम सुटले तर कोणते दुसरे काम जमण्यासारखे आहे, हे समजावून सांगणारा माणूस मिळणे हाही नागरिकाचा हक्क आहे, अशी घोषणा आमच्या ऐकण्यात नाही. प्रस्थापित वर्गाला अशा घोषणेची गरज पडत नाही. त्यांच्या घरात डॉक्टर काका असतो, परदेशात आत्या असते, बँकेत मॅनेजर असलेला शेजारी असतो. जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या त्यांच्या मुलांचे मार्गदर्शन होऊन जाते आणि मग त्यालाच ‘गुणवत्ता’ असे नाव दिले जाते!

बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण दर जयंतीला ऐकतो. मुंबईच्या चर्नीरोडच्या बागेत अभ्यास करीत बसणाऱ्या शाळकरी भीमरावाकडे विल्सन हायस्कूलच्या कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींचे लक्ष गेले. त्यांनी त्याला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेनासा झाला तेव्हा त्याला महाराजा सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेणारेही केळूसकरच. त्यातून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली कोलंबियाचा रस्ता उघडला. हा प्रसंग सांगताना आपण बाबासाहेबांच्या बुद्धिमत्तेचे गुणगान करतो, ते योग्यच आहे. परंतु त्यात एक साधी गोष्ट दडलेली आहे. सयाजीराव महाराजांची मदत मिळू शकते, ती कोणाकडे व कशी मागावी, ही माहिती केळूसकरांकडे होती आणि ती त्यांनी एका महार मुलापर्यंत पोचवली. त्या बागेत ते आले नसते तर? सुभेदार रामजींसारखा जिद्दी बाप होता म्हणून काही मार्ग निघालाही असता. पण केंदूरला, कान्हूरला, करंदीला कोणती बाग आहे आणि तिथे कोणते गुरुजी संध्याकाळी फिरायला येतात?

वास्तविक पाहता या देशात जन्मभराच्या व्यवसाय मार्गदर्शनाचे धोरण हजारो वर्षे चालूच होते. मूल जन्माला येण्यापूर्वीच त्याचा धंदा ठरलेला असे. चांभाराने काय करायचे, मांगाने काय करायचे, महाराने येसकरकी कशी करायची, मेलेले जनावर कोणी ओढायचे, याचे मार्गदर्शन धर्मशास्त्राने करून ठेवले होते आणि ते खरोखरच आजन्म होते. मध्येच धंदा बदलण्याची सोय त्यात नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात याच दुखण्यावर बोट ठेवले. उद्योगधंदे स्थिर नसतात, ते सतत बदलतात, आणि त्याबरोबर माणसाला आपला व्यवसाय बदलण्याची मुभा नसेल तर त्याची उपासमार होते. जात ती मुभा देत नाही, म्हणून जात ही बेकारीचे प्रत्यक्ष कारण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडताना त्यांची धडपड हीच होती, की महाराला वतनाच्या खुंट्यावरून सुटता आले पाहिजे. ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. आपण हे सारे जातीविरोधी लढ्याचा इतिहास म्हणून वाचतो. आमच्या मते तो व्यवसाय निवडण्याच्या व बदलण्याच्या हक्काचाही इतिहास आहे.

आता युरोपकडे वळू. २००४ च्या मे महिन्यात युरोपियन युनियनच्या शिक्षणमंत्र्यांनी आयर्लंडच्या अध्यक्षतेखाली एक ठराव केला. त्याचा आशय असा की नागरिकाला कोणत्याही वयात, आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर, आपली कुवत व आवड ओळखण्यासाठी आणि शिक्षण, प्रशिक्षण व कामधंद्याचे निर्णय घेण्यासाठी मार्गदर्शन मिळाले पाहिजे. २००८ साली फ्रान्सच्या अध्यक्षतेखाली दुसरा ठराव झाला. त्यात ही सेवा सर्वांच्या आवाक्यात आणणे, तिचा दर्जा राखणे, वेगवेगळ्या खात्यांत मेळ घालणे आणि आपल्या कामधंद्याचे नियोजन करण्याचे कौशल्य लोकांना शिकवणे असे चार मुद्दे ठरले. २००७ ते २०१५ या काळात सुमारे तीस देशांनी यासाठी एकत्रित जाळे चालवले. त्याचे काम फिनलंडमधल्या एका विद्यापीठातून चाले. हा मान फिनलंडला उगीच मिळाला नाही. १९७० च्या दशकापासून त्या देशात शाळेच्या वेळापत्रकातच मार्गदर्शनाचे तास आहेत आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक आहे. शाळा सुटल्यावरही तिथे तिशीच्या आतील तरुणाला वेळ न ठरवता आत शिरता येईल अशी केंद्रे शहरोशहरी उघडली आहेत. काम, घर, कर्ज, आजार, सगळ्याची चौकशी एका छपराखाली होते. जर्मनीत रोजगार कार्यालयालाच जोडून माहिती केंद्रे आहेत.

फ्रान्समधली एक तरतूद तर आपल्या लोकांनी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. तेथे २००२ च्या कायद्याने माणसाने प्रत्यक्ष कामावर मिळवलेल्या अनुभवाची तपासणी करून त्याला पदविका वा पदवी मिळण्याची सोय झाली. वर्गात बसला नाही म्हणून तो अडाणी, असे तिथे धरले जात नाही. आता विचार करा, सणसवाडीच्या एखाद्या कारखान्यात बारा वर्षे प्रेस मशीन चालवणारा आपला कार्यकर्ता कागदोपत्री कोण असतो? ‘दहावी नापास, हेल्पर’. मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगण्याची त्याची विद्या कोणत्याही सर्टिफिकेटवर नाही. ठेका बदलला की तो पुन्हा शून्यावर. आपल्याकडेही २०१५ नंतर पूर्वानुभवाला मान्यता देण्याची योजना केंद्राच्या कौशल्य विकास कार्यक्रमात आली, परंतु तिच्यातून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला कंपनीच्या गेटवर किती किंमत आहे हे गेटवर उभ्या असणाऱ्यांनाच विचारावे.

मार्गदर्शन म्हटले की आपल्याकडे दहावी-बारावीचा मेळावा डोळ्यांसमोर येतो. मंडप, हार, पाहुण्यांची भाषणे, ‘खूप शिका, मोठे व्हा’ आणि एक वही. आयोजकांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु मार्गदर्शनाची खरी निकड सोळाव्या वर्षापेक्षा पस्तिसाव्या वर्षी जास्त असते. सहा-सात महिने काम आणि मग ‘ब्रेक’, अशी दहा-पंधरा वर्षे काढलेला कंत्राटी कामगार घ्या. त्याची पाठ दुखू लागलेली असते, गेटवर विशीतली नवी पोरे उभी असतात, घरी दोन मुले शाळेत असतात. या वयात त्याने काय शिकावे, किती दिवसांत, किती पैशांत, आणि शिकत असताना घर कशावर चालवावे, हे त्याला कोण सांगणार?

दुसरा असाच वर्ग पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये आहे. राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांची कमाल वयोमर्यादा ४३ वर्षांची आहे. वयाची सवलत ही आपली मिळकत आहे, तिच्यावर कोणी बोट ठेवू नये. पण जागा मूठभर आणि उमेदवार लाखांत, अशा परीक्षेच्या मागे आठ-दहा वर्षे घातलेल्या मुलामुलींना मध्येच थांबून ‘दुसराही रस्ता आहे, तो असा आहे’ असे सांगणारे कोणी नसते. क्लासवाला सांगणार नाही, त्याची फी बुडेल. आईबाप सांगणार नाहीत, त्यांना तो साहेब झालेला पाहायचा आहे. खरे सांगायचे तर चळवळीतले आपणही सांगत नाही. बाबासाहेबांनी सांगितलेल्या मोक्याच्या जागा म्हणजे फक्त कलेक्टरची खुर्ची, असा सोपा अर्थ आपण लावून घेतला आहे. इकडे सरकारी जागाच कमी होत चालल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. तरुणांच्या संतापामुळे तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, पण वारे कोणत्या दिशेचे आहे ते त्यातून कळले. आणि आपल्या महिलांचे काय? शासनाला त्यांच्यासाठी शिलाई मशीनच्या पुढे काही सुचल्याचे क्वचितच दिसते.

यावर शासनाचे उत्तर तयार असते, की आमच्याकडे व्यवस्था आहे. आहे, आणि तिचा इतिहास आपण अभिमानाने सांगावा असा आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्यात जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना व कामगारांना काम मिळवून देणे हा त्याचा हेतू. त्यातून देशभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे जाळे झाले. मंत्रिमंडळात शिरताच, १९४२ च्या ऑक्टोबरात, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन व्हाइसरॉयला दिले त्यात शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी अशी मागणी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे नोकरीत राखीव जागा, शिक्षणाला पैसा आणि हाताला तांत्रिक विद्या, असा त्यांचा तिपेडी विचार होता. त्यातले दोन पेड आपण घट्ट धरले, तिसरा सैल सोडला.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे पुढे काय झाले? १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणे सक्तीचे झाले. कळवणे सक्तीचे, त्यातून माणूस घेणे सक्तीचे नाही! तरी सरकारी नोकरीसाठी ‘कार्डा’ला किंमत होती. एकेका घरात ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवावे तसे पेटीत जपलेले असे आणि त्याचे नूतनीकरण चुकू नये म्हणून लोक मजुरी बुडवून जात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ एक्स्चेंजच्या यादीवर भरती न करता जाहिरातही द्यावी असा निर्णय दिला. त्यामागचे तत्त्व बरोबर असले तरी कार्डाची उरलीसुरली किंमत तिथे संपली. आज पुण्याच्या रास्ता पेठेतल्या त्या कार्यालयाचे नाव ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ असे लांबलचक झाले आहे. नावात मार्गदर्शन आले. पण तेरा-चौदा तालुक्यांच्या जिल्ह्याला मार्गदर्शनाचे एक कार्यालय पुरे पडेल असे कोणाला वाटते? केंदूरहून तिथे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. बाकी सगळे पोर्टलवर. केंद्राचे पोर्टल २० जुलै २०१५ ला सुरू झाले, राज्याचे ‘महास्वयम’ आहे, शाळकरी मुलांसाठी २०२० साली ‘महाकरिअर’ आले. पोर्टलला आमचा विरोध नाही. पण ज्याला काय विचारायचे हेच कळत नाही त्याला पोर्टल काय सांगणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. कामगार संघटनांनी त्यांच्याविरुद्ध घेतलेली भूमिका आम्हाला मान्य आहे. मात्र त्यातील सामाजिक सुरक्षा संहितेच्या एका कोपऱ्यात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या जागी ‘करिअर सेंटर’ असा शब्द आला आहे आणि व्यवसाय मार्गदर्शन, समुपदेशन व स्वयंरोजगाराची माहिती मागणाऱ्यांची दखल घेणे हे त्याचे काम म्हणून लिहिले आहे, इकडे आपले लक्ष गेले पाहिजे. जागा कळवण्याची अट आता २० कामगारांच्या आस्थापनेपासून आहे. जुना दोष मात्र कायम आहे. माणूस घेण्याची सक्ती नाही आणि शेतमजुरी, घरकाम अशी जिथे आपली माणसे आहेत ती कामे कायद्याबाहेरच आहेत. तरीही कायद्यात शब्द आला म्हणजे मागणीला पाय ठेवायला जागा मिळाली. हे सेंटर तालुक्याच्या गावी, माणसासह, पगारी समुपदेशकासह उघडा, अशी मागणी करता येते. पोर्टललाच सेंटर म्हणण्याची पळवाट त्याच व्याख्येत आहे, म्हणून ही घाई.

मार्गदर्शनाच्या नावाखाली काय होऊ शकते याचीही जाण ठेवली पाहिजे. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यात आली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असे सात कप्पे होते. कागद हाती पडला, पुढे त्या कागदाचे काय करायचे ते सांगायला कोणी नव्हते. ज्या मुलाने वाद्याला कधी हात लावला नाही, प्रयोगशाळा उघडी पाहिली नाही, त्याचा कल कुठून कळणार? कल हा अनुभवातून येतो आणि अनुभव जातीनुसार व पैशानुसार वाटलेला आहे. युरोपचेही याबाबतीत हात स्वच्छ नाहीत. तेथील रोमा समाजाची स्थिती आपल्याला परकी वाटणार नाही. चेक प्रजासत्ताकात रोमा मुलांना मानसशास्त्रीय चाचण्यांचा आधार घेऊन मतिमंदांच्या शाळांत टाकले जात होते. ओस्त्रावा शहरातील १८ रोमा विद्यार्थ्यांनी दाद मागितली आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव असल्याचे ठरवले. आजन्म मार्गदर्शनाचे ठराव होत होते त्याच वर्षांतली ही गोष्ट! त्याच २००७ साली हंगेरीतल्या रोमा कार्यकर्त्यांनी ‘जय भीम नेटवर्क’ उभारले आणि साजोकाझा या गावी बाबासाहेबांच्या नावाने शाळा काढली. तेथील शासनाने ज्यांना वेगळ्या वर्गात बसवले होते त्यांना बारावी पास होऊन पुढे जाता यावे म्हणून. युरोपातल्या वंचितांना मार्ग शोधताना बाबासाहेब सापडले, आणि आम्ही त्यांच्या सरकारांचे ठराव वाचतो आहोत. दोन्ही वाचले पाहिजेत. इंग्लंडने तर २०१२ मध्ये तरुणांची जुनी मार्गदर्शन सेवा गुंडाळून ती जबाबदारी जादा पैसा न देता शाळांच्या गळ्यात टाकली. तेव्हा युरोप म्हणजे स्वर्ग नव्हे.

केंदूरपुरते बोलायचे तर एक चांगला नमुना शेजारीच आहे. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती-पशुपालन, आरोग्य-अन्नप्रक्रिया अशी कामे प्रत्यक्ष करायला लावून शिकवायचे, ही त्यांची पद्धत. हे खरे कल ओळखणे. चार कामे हाताने केल्यावर मुलालाच कळते की आपल्याला काय जमते. ‘हाताने काम करा’ हा उपदेश वरून आला की आपल्या लोकांच्या कपाळाला आठी पडते आणि ती पडणे स्वाभाविक आहे. हाताने काम करून करूनच आपल्या पिढ्या गेल्या. परंतु मेलेले ढोर ओढणे आणि लेथवर अचूक माप काढणे यांत फरक आहे. पहिले लादलेले होते, दुसरे निवडता येते, त्याला दाम आहे आणि नको झाले तर सोडता येते.

सोडता येण्याचा मुद्दा निघाला म्हणून एका अवघड विषयाला हात घालतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ साली शासनाने याबाबतचा निर्णय सुधारित करून काढला. आज कायम नोकरी ही दुर्मिळ झाली असताना तो आधार काढून घ्या असे म्हणणारा आमच्या समाजाचा वैरी ठरेल. आम्ही तसे म्हणत नाही. पण पदवी घेतलेला मुलगा, मुलगी बापाचा झाडू हाती घेण्यासाठी अर्ज करतात तेव्हा, त्या खिडकीवर बसलेला कारकून वारसाचे कागद तपासतो, त्या मुलाची पदवी तपासत नाही. नोकरी दे, पण सोबत एक तास बसव आणि सांग, की याच महापालिकेत कोणत्या खात्यांत कोणत्या परीक्षेने वर जाता येते, बाहेर कोणता मार्ग आहे. एवढे केले तरी जन्माने ठरलेल्या धंद्याला एक दार पडेल.

पुण्यात बार्टी आहे. १९७८ साली समता विचारपीठ म्हणून सुरू झालेली ही संस्था आज आपल्या समाजासाठी कोट्यवधींचे काम करते. स्पर्धा परीक्षांचे वर्ग, संशोधकांना अधिछात्रवृत्ती, हे सारे हवेच. पण बार्टीचा मार्गदर्शनाशी असलेला संबंध परीक्षेपुरता उरला आहे, अशी आमची तक्रार आहे. तालुक्यांत तिचे समतादूत फिरतात. त्यांना योजनांची माहिती देण्याबरोबर व्यवसाय समुपदेशनाचे पक्के प्रशिक्षण द्यावे, कायम करावे आणि तालुक्यात आठवड्याचा एक वार ठरवून बसवावे. शिक्रापूरचा बाजार असेल त्या दिवशी शिक्रापुरात, पाबळचा असेल त्या दिवशी पाबळला. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीच्या ७५ जागांची माहिती शहरातल्या मुलाइतकीच केंदूरच्या मुलीला मिळाली पाहिजे. केंद्र शासनाची अनुसूचित जाती-जमातींसाठीची देशभरात २५ मार्गदर्शन केंद्रे आहेत, त्यातले महाराष्ट्रातले नागपूरला आहे. शिरूरच्या मुलाने नागपूरला जावे काय? पश्चिम महाराष्ट्रासाठी असे केंद्र मागायला आपल्या खासदारांना कोणी अडवले आहे?

शासन करील तेव्हा करील. १९४७ साली मुंबईच्या पारशी पंचायतीने आपल्या समाजाच्या मुलांसाठी स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले होते. हा समाज सुखवस्तू होता, शिकलेला होता, तरी त्याला गरज वाटली. आपल्यातही आता इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, बँकेतले आहेत, वकील आहेत, टर्नर-फिटर आहेत, परदेशात गेलेले आहेत. ते वस्ती सोडून शहरात राहायला गेले म्हणून त्यांना नावे ठेवण्यात आपण बराच वेळ घालवला. त्यांना काम सांगितले असते तर बरे झाले असते.

केंदूरच्या शेजारच्या हवेली तालुक्यात कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे आले होते. दर १ जानेवारीला तिथे लाखो लोक येतात, पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात आणि लोक पदरमोड करून पुस्तके घेतात. येत्या १ जानेवारीला त्या पुस्तकांच्या रांगेत एक साधे टेबल लागावे अशी आमची सूचना आहे. टेबलावर आयटीआयच्या ट्रेडची यादी, शिष्यवृत्त्यांच्या तारखा, परदेशी शिक्षणाचे नियम, महात्मा फुले महामंडळाच्या कर्जाचे अर्ज असावेत. टेबलामागे चार खुर्च्या आणि त्यांवर आळीपाळीने बसणारी आपलीच चार माणसे, एक नोकरीतला, एक कारखान्यातला, एक स्वतःचा धंदा करणारा आणि एक नर्स किंवा शिक्षिका असलेली ताई. येणाऱ्याचे नाव, गाव, वय, काय येते, काय हवे हे वहीत लिहून घ्यायचे आणि महिन्याभरात त्याला फोन करायचा. शिरूर, हवेली, खेड आणि दौंड तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी यासाठी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बसावे. ६ डिसेंबरला मुंबईला जायची गडबड असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बसावे, पण वहीचे काम कोणाकडे राहणार ते त्याच बैठकीत ठरवावे.